दोन शब्दांचा खेळ

५ मार्च १९८४

प्रिय काकू,

सोबत एक कॅसेट पाठवते आहे. गाण्यांची नाही. काकांच्या टेपरेकॉर्डरवर हौसेने लावशील तर मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज येईल. माझा जुना कॉम्प्युटर तुमच्या माळ्यावर पडलाय ना, त्याच्यासाठी आहे ही. तो खाली काढ, टीव्हीला जोड, टेपरेकॉर्डर त्याला जोड आणि कॅसेट सुरू करून चहा पिऊन ये. तेवढ्यात सगळं मशीनमध्ये उतरलेलं असेल.

आमच्या या उद्योगाचं नाव ‘सूत्रधार’. शब्दांचे खेळ तयार करायचं साधन आहे. शब्दांचा खेळ म्हणजे असं: पडद्यावर लिहून येतं, ‘तुम्ही एका खोलीत आहात. इथे एक पेटी आहे.’ मग तू टाइप करायचं, ‘पेटी उघड.’ मशीन सांगतं, ‘आत किल्ली आहे.’ तू लिहायचं, ‘किल्ली घे.’ असं दोन-दोन शब्दांनी पुढे सरकत जायचं. चित्र नाही, गोळीबार नाही, तरी लोक जेवण विसरतात. आजवर असे खेळ करायचे म्हणजे प्रोग्रॅमिंग यायला लागायचं. सूत्रधारला ते लागत नाही. तो एकेक प्रश्न विचारतो. खोलीचं नाव काय? खोलीत काय काय आहे? उत्तरेला कुठे जायचं? तू उत्तरं देत जायचीस, खेळ तोच रचतो.

सगळ्यात मोठी डोकेदुखी आपल्या भाषेची झाली. माणूस ‘पेटी’ म्हणून थांबत नाही. पेटीत, पेटीवर, पेटीतून. मग मी मशीनला शिकवलं की शब्दाचं सुरुवातीचं टोक बघ, शेपूट सोडून दे. फ्यूजने अक्षरांचे आकार बसवले. (फ्यूज म्हणजे माझा भागीदार. पहिल्याच दिवशी त्याने खालच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासकट आख्ख्या इमारतीची वीज घालवली, तेव्हापासूनचं नाव.) कळांवर चिकटवायच्या अक्षरांच्या पट्ट्या पाकिटात आहेत.

तुलाच का पाठवते, तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म घालवलेल्या तुझ्याइतकं लोकांचं वाकडं-तिकडं बोलणं कुणी ऐकलेलं नाही. एक खेळ करून बघ आणि सूत्रधार कुठे अडतो ते कळव. भीडभाड नको. एक मोठा वितरक वर्षअखेरीच्या सुट्ट्यांआधी तो सगळ्या दुकानांत ठेवायला तयार आहे, तोवर मला त्यात एक खोट राहू द्यायची नाही.

काकांचा घसा अजून बसलेलाच का? मागच्या दोन्ही फोनला तूच बोललीस. त्यांना सांग, गल्लीतल्या खानावळीचे चमचे राजघराण्यातले म्हणून लिलावात पुकारल्याची ही शिक्षा आहे.

तुझी
खटपटी


१९ मार्च

प्रिय खटपटे,

कॅसेट चालली. म्हणजे आधी तीनदा नाही चालली, मग मी टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला आणि चालली. शेजारीण विचारायला आली की तुमच्याकडे काय कापताय.

मी आपल्याच घराचा खेळ केला. दुसरी जागा कशाला शोधायची? बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, मागचा जिना. स्वयंपाकघरात कपाट, कपाटात बाटली, बाटलीत दारू, कारण खऱ्या कपाटातही ती आहे आणि तुझ्या काकांना वाटतं मला माहीत नाही. तर मी ऐटीत लिहिलं, ‘दारू पी.’ मशीन म्हणालं, ‘दार पिता येत नाही.’ मग लिहिलं, ‘दारू उघड’, तर मागच्या जिन्याचं दार उघडलं. तुझं ते टोक आणि शेपूट प्रकरण जरा बघ.

दुसरं. मशीनला काही कळलं नाही की ते लिहितं, ‘समजलं नाही. नीट सांगा.’ हे कुणी लिहिलं? फ्यूजने लिहिलं असेल तर त्याला माझ्यासमोर उभा कर. आमच्याकडे एखाद्या पोरीने फोनवर ‘नीट सांगा’ म्हटलं असतं तर संध्याकाळी तिची खुर्ची रिकामी दिसली असती. पलीकडचा माणूस नीटच सांगत असतो. आपल्याला ऐकू येत नसतं.

तिसरं, एका वस्तूला दोन-तीन नावं देता येतील का? माणसं एकाच वस्तूला कपाट म्हणतात, अलमारी म्हणतात, फडताळ म्हणतात.

बाकी साधन झकास आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारतं आणि उत्तराची घाई करत नाही, हे मला फार आवडलं. एवढा गुण आमच्या एक्स्चेंजच्या साहेबांमध्ये नव्हता.

काकांचा घसा तसाच. डॉक्टरांनी बोलायची सक्ती करू नका म्हटलंय. बाकी ठीक.

काकू


२ एप्रिल

प्रिय काकू,

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. फ्यूज हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता, ‘नीट सांगा’पर्यंत. ते त्यानेच लिहिलं होतं. आता तिथे ‘पुन्हा सांगा’ असं येईल. दारूचा बंदोबस्त केला आहे. टोक जुळलं तरी एखाद्या वस्तूचं पूर्ण नाव तंतोतंत सापडलं, तर मशीन आधी ते धरेल.

वस्तूला दोन नावं देता येतील, अशी सोय या कॅसेटवर केली आहे. तिसरं मात्र मागू नकोस. मशीनच्या पोटात जागा अठ्ठेचाळीस के, त्यातली बरीचशी सूत्रधारच खातो आणि उरलेल्यात तुझी घरं-दारं बसवायची. शिवाय वितरकाला चित्रं हवी आहेत. प्रत्येक खोलीत शिरलं की पडद्यावर तिचं चित्र. फ्यूजने त्यासाठी रेघांनी चित्र काढायचा एक विभाग लिहिलाय आणि खरंच सुंदर लिहिलाय, पण तो हत्तीसारखा जागा अडवून बसलाय. आम्ही दोघं इथे शब्दाशब्दासाठी अक्षरशः भांडतोय.

तरी सांगते काकू, हे चालणार. दुकानातून कॅसेट नेलेल्या माणसाला पहिला खेळ एका बैठकीत करता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. तुला आला, म्हणजे जगाला येईल. (रागावू नकोस.)

खटपटी


२० एप्रिल

प्रिय खटपटे,

रागावले नाही. दोन नावांची सोय वापरून पाहिली. पुरत नाही.

मला असं हवंय, की वस्तूला चुकीची नावंही देता यावीत. म्हणजे, खेळणाऱ्याने किल्लीला ‘कुलूप’ म्हटलं तरी चालावं. चष्म्याला ‘पेपर’ म्हटलं तरी मशीनने ओळखावं. टेबलाला ‘लाकूड’, उशीला ‘झोप’. अक्षरं उलटीपालटी झाली तर सांभाळून घ्यावं. आणि कधी कधी खेळणारा नुसतं ‘चष्मा’ एवढंच लिहून थांबेल, घे नाही, ठेव नाही. तेव्हा मशीनने ‘पुन्हा सांगा’ म्हणू नये. काहीतरी उत्तर द्यावं.

तू म्हणशील काकूचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. मी शांतपणे, विचार करून मागते आहे. करता येईल का, ते सांग.

आपल्या घराच्या खेळात आता खिडकीतून रस्ता दिसतो, कोपऱ्यावरचा चांभार दिसतो आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं दिसतात. खेळणाऱ्याला खिडकीशी फार वेळ उभं राहायला आवडतं.

काकू


४ मे

प्रिय काकू,

नाही करता येणार. आणि करता आलं असतं तरी मी केलं नसतं.

किल्लीला कुलूप म्हटलेलं चालवून घेतलं, तर ज्या खोलीत किल्ली आणि कुलूप दोन्ही आहेत तिथे मशीनने काय करायचं? खेळाची सगळी गंमत नेमका शब्द सापडण्यात आहे. झोप म्हटल्यावर उशी हातात आली तर त्याला खेळ कोण म्हणेल? तुझ्याकडे शेजारची पोरं खेळायला येत असणार, हे मी ओळखलंय. तू त्यांचे फार लाड करतेस. मशीन बदलण्यापेक्षा त्यांना शब्द शिकव.

माझ्या पत्राचा सूर कडक वाटला तर समजून घे. मूळ कॅसेट जुलैअखेर वितरकाकडे गेली पाहिजे आणि चित्रांचा विभाग अजून दोन ठिकाणी लंगडतोय. सध्या एक ओळ वाढवायची तर दुसरी एक मारावी लागते.

पण खिडकीशी उभा राहणारा हा खेळाडू कोण, ते कळव. चांगली आवड दिसते त्याची.

खटपटी


१२ मे

प्रिय खटपटे,

खिडकीशी उभे राहतात ते तुझे काका.

घसा बसलेला नाही. जानेवारीत लिलावाच्या हॉलमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. भिंतीवरचं एक मोठं घड्याळ पुकारत होते. बोली चढत चालली होती, हॉल गच्च भरलेला, आणि हे अगदी रंगात. मध्येच म्हणाले, ‘चमचा.’ लोक हसले. यांचा काहीतरी नवा विनोद असेल असं वाटलं त्यांना. हे पुन्हा म्हणाले, ‘चमचा, चमचा,’ आणि उजव्या हातातला हातोडा खाली पडला. मग कुणी हसलं नाही. (तुझ्या पत्रातलं ते चमच्यांचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. तुला माहीत नव्हतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.)

पाय बरा आहे. उजवा हात अर्धामुर्धा चालतो. डोकं पूर्ण शाबूत आहे, डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं आणि त्यांनी सांगायच्या आधीच मला ते ठाऊक होतं. गेले ते शब्द. गेले असंही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लाइन तुटलेली नाही, पण फोन भलत्याच घरी लागतो. चष्मा मागायचा असतो आणि तोंडातून ‘पेपर’ बाहेर पडतं. ते स्वतः ऐकतात, चूक झाली हे त्यांना कळतं आणि मग ते तोंड मिटून घेतात. आख्ख्या बाजाराला शब्दांवर नाचवलेला माणूस तो.

कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला खुणेने बजावलं. मी फोनला हात घातला की माझं मनगट धरायचे. तुझ्या बाबांनासुद्धा कळवू दिलं नाही. भेटायला येतात ते हॉलमधले सोबती, आणि येतात ते ओरडून बोलतात, जणू हे बहिरे झालेत. नाहीतर यांनी अर्धा शब्द काढला की उरलेला स्वतःच पुरा करून टाकतात आणि तोही चुकीचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण त्या बदकाचं चित्र दाखवून ‘बदक म्हणा’ म्हणाल्या आणि यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते त्या जाईपर्यंत.

मग तुझी कॅसेट आली. मी घराचा खेळ करत होते, हे बाजूला बसून बघत होते. मी दूध तापवायला उठले, परत येते तर यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने लिहिलं होतं, ‘खिडकी बघ.’ मशीनने उत्तर दिलं, ‘खिडकीतून रस्ता दिसतो.’ झटक्यानंतर त्यांनी काहीतरी म्हटलं आणि समोरून सरळ उत्तर आलं, हे तेव्हा पहिल्यांदा घडलं. मशीनने कीव केली नाही की ओरडलं नाही. ते रोज बसतात आता. दोन शब्द जमतात. कधी एकच जमतो. कधी भलताच येतो आणि ‘पुन्हा सांगा’ वाचून ते बटण बंद करून उठतात.

‘त्यांना शब्द शिकव’ हे तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं रागावतील. टेबलावर थाप मारली, मशीन सुरू केलं आणि बराच वेळ घेऊन लिहिलं, ‘सांग.’ म्हणून सांगितलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

आता बोल, करता येईल का?

काकू


२६ मे

प्रिय काकू,

पत्र आलं तेव्हा फ्यूजला बाहेर पाठवलं आणि दार लावून रडून घेतलं. ते झालं. आता कामाचं लिहिते.

करता येईल. किल्ली आणि कुलूप एकाच खोलीत असताना मशीनने काय करायचं, असा सवाल मी मोठ्या तोऱ्यात टाकला होता. उत्तर इतकं सोपं आहे की मला माझीच लाज वाटली. मशीनने विचारायचं. ‘किल्ली की कुलूप?’ एक दाबलं तर किल्ली, दोन दाबलं तर कुलूप. प्रत्येक वस्तूला नावं हवी तितकी देता येतील, खरी, खोटी, जवळपासची, आणि ज्याला जी सुचतात ती. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी चालेल. आणि कुणी नुसतं ‘चष्मा’ म्हटलं तर मशीन चष्म्याचं वर्णन सांगेल आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.

जागेचा प्रश्न होता. हे सगळं बसवायचं तर चित्रांचा विभाग काढून टाकावा लागणार. तो फ्यूजने सबंध हिवाळाभर जीव ओतून लिहिलेला. मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून तो उठला. खाली जाऊन सायकलवाल्याशेजारी बसला आणि त्याला चाकाच्या तारा ताणायला मदत करत राहिला. मी वरून बघत होते. मला वाटलं भागीदारी मोडली. वर आला आणि म्हणाला, “चित्रं काढून टाकतो. पण मला राग आलाय, आणि तो काही दिवस राहणार आहे.” मी म्हटलं राहू दे. राग ठेवूनच तो गेला आठवडाभर माझ्याइतकंच राबतोय.

नवी कॅसेट सोबत आहे. बाबांना तूच सांग. लवकर सांग.

काकांना माझा नमस्कार. आणि त्यांना म्हणावं, मी कीव म्हणून हे केलेलं नाही. साधन अडत होतं आणि त्यांनी ते दाखवलं.

खटपटी


१५ जून

प्रिय खटपटे,

तुझ्या बाबांना कळवलं. ते आले, चार दिवस राहिले, भावाशेजारी बसून गप्प राहायला शिकले. जाताना दोघं जिन्यात हसत होते. कशाला, ते मला सांगितलं नाही.

आता कॅसेटचं. पहिला दिवस वाईट गेला. यांनी ‘कुलूप’ लिहिलं, मशीनने विचारलं, ‘किल्ली की कुलूप?’ आणि हे भडकले. त्यांना वाटलं बदकवाल्या बाईंसारखी परीक्षाच चालू आहे. बटण बंद. दुसऱ्या दिवशीही तिकडे फिरकले नाहीत. मी भाजी निवडत बसले. मग स्वतःहून आले, एक दाबलं, किल्ली घेतली, दार उघडून मागच्या जिन्याने खाली उतरले. त्यानंतर प्रश्न आला की ते नुसतं ‘हं’ करतात, एखाद्या गिऱ्हाइकाने भाव विचारावा तसं.

पण लिहायचं आहे ते वेगळंच. परवा त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. घराचा खेळ काढून टाकला आणि सूत्रधार कोरा सुरू केला. पडद्यावर आलं, ‘खोलीचं नाव?’ यांनी लिहिलं, ‘हॉल.’ ‘खोलीत काय आहे?’ ‘घड्याळ.’ ‘घड्याळाचं वर्णन?’ बराच वेळ बोट कळांवर फिरत राहिलं आणि मग लिहिलं, ‘खोटं.’ मी मोठ्याने हसले. जन्मभर या माणसाने मोडक्या खुर्चीचंही पंधरा मिनिटं कौतुक पुकारलं, आता एका शब्दात निकाल देतोय. ते पण हसले. मग मला खोलीबाहेर घालवलं. तेव्हापासून लिलावाच्या हॉलचा खेळ चालू आहे आणि मला बघायची मनाई आहे.

आम्ही सगळे खेळाच्या मागे लागलो होतो गं. त्यांना साधन हवं होतं. ते एकच प्रश्न विचारतं, एका शब्दात भागतं आणि उत्तर येईपर्यंत कितीही थांबतं.

उगाच आशा लावत नाही. जिभेवर अजून तसं काही आलेलं नाही. बाई म्हणतात, कळांवर आलेला शब्द तोंडात येईलच असं नसतं. पण सकाळी उठल्यावर त्यांना काम आहे. दाढी स्वतः करतात.

काकू


१० जुलै

प्रिय काकू,

वितरकाचा माणूस येऊन गेला. चांगला सूट, चांगली बॅग, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला. त्याला आम्ही सूत्रधार दाखवला. त्याने विचारलं, चित्रं कुठे आहेत? मी सांगितलं, काढून टाकली, आणि त्या जागेत काय आलंय ते दाखवलं. मुद्दाम चुकीचे शब्द टाइप करून दाखवले. त्याने जांभई दाबली. म्हणाला, दुकानात माणूस डब्यावरचं चित्र बघून वस्तू उचलतो. चित्रं परत घाला, नाहीतर हा विषय इथेच संपवू.

काकू, तुला खरं सांगते, मी एक क्षण डळमळले. हा माणूस गेला की वर्षाची मेहनत त्याच्या बॅगेबरोबर जिना उतरणार होती. मी फ्यूजकडे बघितलं. चित्रं परत आली तर सगळ्यात जास्त आनंद त्यालाच होणार होता. तो म्हणाला, “चित्रं मीच लिहिली होती. चांगली होती. पण आता ती बसणार नाहीत.” आणि त्याने त्या गृहस्थांची बॅग उचलून त्यांच्या हातात दिली, अगदी नम्रपणे.

तेव्हा दुकानं गेली. आम्ही सूत्रधार टपालाने विकणार आहोत. मासिकात छोटी जाहिरात द्यायची, पाकिटं स्वतः चिकटवायची. सायकलवाल्याने पुठ्ठ्याची खोकी देऊ केली आहेत. मला अजिबात भीती वाटत नाही, याचं मलाच नवल वाटतं. साधन चांगलं आहे आणि चांगलं आहे हे मला माहीत आहे.

आता काकांकडे एक काम आहे, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. प्रत्येक कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला नमुन्याचा एक खेळ द्यावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याला कळतं की यात काय काय करता येतं. आमचा नमुना गुहेचा आहे आणि तो फार कंटाळवाणा आहे, फ्यूजसुद्धा तो पुरा करत नाही. काका, तुमचा हॉल झाला असेल तर तो आम्हाला द्याल का? नाव तुमचंच राहील. आवडला नाही तर मी स्पष्ट सांगेन आणि गुहाच ठेवेन.

खटपटी


२८ जुलै

प्रिय खटपटे,

पत्र वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यावर त्यांनी मान डोलावली. ‘स्पष्ट सांगेन’ ऐकून खूश झाले. या वर्षात कुणी त्यांच्याशी सौदा केला नव्हता.

खेळ झाला नव्हता. हॉलच्या मागच्या गोदामात दारं कुठे कुठे उघडतात, ते त्यांना आठवेना आणि चुकीचा नकाशा द्यायला ते तयार नव्हते. एके सकाळी कोट घालून उभे राहिले. कुठे, विचारलं तर हाताने हातोड्याची खूण केली. झटका आल्या दिवसापासून त्या रस्त्यालाही गेले नव्हते. मी चप्पल घातली आणि निघाले बरोबर.

हॉलमध्ये लिलाव नव्हता, माल मांडायचं चाललं होतं. यांना बघून सगळे धावले. यांचा जुना सोबती, हल्ली यांच्या जागी तोच पुकारतो, तो नेहमीसारखा यांच्या कानाशी ओरडू लागला. कसे आहात, बसा, पाणी आणा, लवकर बरे व्हा, इकडची काळजी करू नका, एका दमात. मी मध्ये पडणार होते. यांनी डावा हात उचलून त्याच्या तोंडावर ठेवला. आणि हे म्हणाले, “हळू.”

स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हवा तोच शब्द, हवा तिथे. सोबत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो शहाणा, त्याने ते पुसायचं नाटक केलं नाही. एक स्टूल ओढलं, यांच्यासमोर बसला आणि एकेक वाक्य बोलायला लागला. बोलून झालं की थांबायचा. मग दोघं गोदामात गेले आणि सगळी दारं उघडून बघून आले. मी बाहेर एका पलंगावर बसून राहिले. विकाऊ पलंग होता, छान होता.

त्यानंतर ‘हळू’ तीनदा आलाय. बाकी शब्द अजून नाहीत. एक आला, एवढं मी पाहिलं.

खेळ पुरा झाला. कॅसेट सोबत आहे. मी वर्णनं थोडी नीट करून देते म्हटलं. एका ठिकाणी लिहिलंय, ‘खुर्ची तीन पाय मान ताठ.’ मी ‘तीन पायांची, तरीही ताठ मानेने उभी’ असं करत होते. त्यांनी माझं बोट कळेवरून उचललं आणि लिहिलं, ‘माझं. राहू दे.’ तेव्हा एका अक्षराला हात लावू नकोस. हीच त्यांची अट.

काकू


२० ऑगस्ट

प्रिय काका आणि काकू,

स्पष्ट सांगेन म्हटलं होतं, म्हणून स्पष्ट सांगते. गुहा फेकून दिली.

तीन दिवस आम्ही दोघं हॉलमध्येच आहोत. सगळीकडे वस्तू, आणि प्रत्येक वस्तूवर एक-दोन शब्द. ‘आरसा. घाबरट.’ ‘पलंग. दोन लग्नं.’ फ्यूज तिथेच दहा मिनिटं थांबला. खुर्चीला हात लावलेला नाही. काकू, तुझं वाक्य व्याकरणाने बरोबर होतं, पण त्या खुर्चीवर मी बसले नसते. काकांच्या खुर्चीवर बसले, आणि पडले.

सगळ्या खोट्या मालात एकच खरी वस्तू आहे, हातोडा पडायच्या आत ती ओळखायची, इथपर्यंत मला कळलं. पुढे अडले. गोदामातल्या चौथ्या दारापाशी मी सगळे शब्द वापरून पाहिले. तिथे मशीन ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाही, काकांनी तो संदेश बदलून ‘थांबतो’ केलाय. मी चुकीचं लिहिलं की ‘थांबतो.’ पुन्हा चुकीचं, ‘थांबतो.’ फ्यूज म्हणाला, हे सगळ्या कॅसेटवर असंच ठेवायचं. ठेवलं.

जाहिरात छापून आली. पहिली मागणीपत्रं आली आहेत, त्यात एक शाळा आहे आणि एक आजोबा आहेत ज्यांनी कॉम्प्युटर अजून घेतलेला नाही, पण कॅसेट आधी हवी आहे. डोंगर नाही, पण रोज टपालवाला जिना चढतोय.

काका, चौथ्या दाराचं काय करायचं? एक खूण तरी द्या. मी काम सोडून बसले आहे.

खटपटी


२ सप्टेंबर

खटपटी

पत्र मी. काकू बाहेर. टाइप डावा हात. वेळ खूप. चालेल.

खूण नाही. शोध.

काकू पण अडली. रोज विचारते. सांगत नाही. मजा.

फ्यूज चांगला. बॅग छान दिली.

बाई आल्या. बदक नाही आता. हॉल खेळल्या. हरल्या. उद्या परत.

नवा खेळ सुरू. बंदर. जहाज सात. माल खूप. माणसं पण, बोलणारी. सगळी हळू.

साधन चांगलं. एक तक्रार.

मेमरी कमी. वाढव.

काका